नॉनस्टिक तवा-कढई: काय बघून घ्यायची, कशी टिकवायची

पुण्यातल्या कितीतरी घरांत नॉनस्टिक तव्याला आजही 'निर्लेप'च म्हणतात, मग दांड्यावर नाव कोणाचंही असो. हे नाव १९६८ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू झालेल्या कंपनीचं. २०१८मध्ये ती बजाज इलेक्ट्रिकल्सकडे गेली. गंमत म्हणजे निर्लेप या शब्दाचा अर्थ 'लेप नसलेला', आणि या भांड्यात आपण पैसे मोजतो ते नेमके लेपाचे.

हा लेप केसाहूनही पातळ असतो आणि कधी ना कधी जाणारच. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली की कल्हईवाला दारात बसून पुन्हा करून द्यायचा. हा लेप कारखान्यातल्या भट्टीत ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजून पक्का केलेला असतो, तो असा दारात चढत नाही. तेव्हा आजीकडून नातीकडे जाणारी वस्तू म्हणून नॉनस्टिक घेऊ नका. स्कूटरच्या टायरसारखी ही झिजणारी वस्तू आहे. बरी निवडली आणि बेतानं वापरली तर रोजच्या वापरात तीन-चार वर्षं सहज जातात. नाहीतर गुढीपाडव्याला आणलेला तवा दिवाळीपर्यंत चिकटायला लागतो.

आधी घरी: काय चिकटतं ते बघा

दुकानात जायच्या आधी आठवडाभर फ्रिजवर एक कागद लावा आणि जे जे तळाला लागतं ते लिहून काढा. नॉनस्टिकचा खरा उपयोग कमी ते मध्यम आचेवर होणाऱ्या, स्टार्च किंवा प्रथिनं जास्त असलेल्या पदार्थांना होतो: घावन, आंबोळी, धिरडी, ऑम्लेट, साबुदाण्याची खिचडी, उपमा, शिरा, पनीर, थोड्या तेलात परतलेली सुरमई किंवा कोथिंबीर वडी, आप्पे. यातलं काय तुमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी होतं, ते भांडं आधी घ्यायचं.

भाकरीसाठी नॉनस्टिक घेऊ नका. कारण साधं आहे. एक भाकरी विस्तवावर फुगत असते, दुसरी परातीत थापली जात असते आणि तेवढा वेळ तवा मोठ्या आचेवर रिकामा तापत असतो. लेपाला सगळ्यात जास्त मार बसतो तो याच रिकाम्या तापण्याचा. फुलक्यांचंही तेच. त्यासाठी लोखंडी किंवा बिडाचा तवा ठेवा. फोडणीची कढली नॉनस्टिक घेण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण एवढंसं भांडं चमचाभर तेलासकट मिनिटभरात भडकून तापतं. दाणे आणि खोबरं भाजायला, तळणाला लोखंडी कढई. आमटी-रश्शाला स्टीलचं पातेलं. त्यांना चिकटण्याचा प्रश्नच नसतो.

दोन माणसांच्या घराला एक २४ सेंमीचा, पाचेक सेंमी काठाचा, झाकणवाला फ्राय पॅन पुरतो. त्यात ऑम्लेटही होतं आणि दोघांपुरती खिचडीही. चौघांच्या घरात घावन-डोसे होत असतील तर २८ सेंमीचा सपाट तवा आणि २४ ते २६ सेंमीची कढई. आप्पेपात्र महिन्यातून एकदाच निघणार असेल तर शेजारून मागून आणा. हे माप तोंडाचं असतं, बुडाचं नव्हे, हेही लक्षात ठेवा. २४ सेंमीच्या पॅनचं बूड १७-१८ सेंमीचंच असू शकतं.

आणि सेट घेऊ नका. लग्नाच्या आहेरात तो येतो ते वेगळं. तीन भांड्यांच्या सेटमधलं एक रोज वापरलं जातं, दुसरं पाहुणे आले की निघतं आणि तिसरं ट्रॉलीत तळाशी पडून इतरांना चरे पाडतं. त्याच पैशांत एक जाड बुडाचं भांडं येतं.

लेपाची नावं आणि त्यांचा अर्थ

बाजारात नावं पन्नास आहेत. लेप मात्र मुख्यतः दोनच जातींचे.

पहिला पीटीएफई. यालाच आपण टेफ्लॉन म्हणतो, पण टेफ्लॉन हे त्याचं व्यापारी नाव. अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत काम करणाऱ्या रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती तो १९३८ साली अपघाताने लागला. २६० अंशांपर्यंत तो स्थिर असतो, त्याच्या वर हळूहळू विघटन सुरू होतं आणि ३५० च्या पुढे त्यातून निघणारा धूर त्रासदायक ठरतो. घरच्या नेहमीच्या स्वयंपाकाला १२० ते २०० अंश पुष्कळ झाले, म्हणजे मधे बरीच जागा आहे.

'ग्रॅनाइट', 'मार्बल', 'स्टोन', 'डायमंड' हे बहुतेक वेळा पीटीएफईच असतं. त्यात खनिजांची बारीक पूड मिसळून लेप थोडा कणखर केलेला असतो, किंवा नुसते ठिपके असतात. ठिपक्यांचे वेगळे पैसे देऊ नका. किती थरांचा लेप आहे ते विचारा. दोन थरांपेक्षा तीन थर बरे. पाच थरांचा दावा असला तरी खालचं ॲल्युमिनियम पातळ असेल तर त्या पाचांचा उपयोग नाही.

दुसरा सिरॅमिक. हा सिलिकावर आधारलेला लेप, त्यात पीटीएफई नसतं आणि तो जास्त उष्णता सोसतो. नवा असताना तो इतका गुळगुळीत असतो की ऑम्लेट फुंकरीने सरकावं. पण ही निसटण्याची खुबी पीटीएफईपेक्षा लवकर जाते. रोज वापरला तर वर्ष-दीड वर्षात फरक जाणवतो. ज्यांच्या घरी आच हमखास मोठी राहते किंवा ज्यांना पीटीएफई नकोच आहे, त्यांनी हा घ्यावा, पण लवकर बदलायची तयारी ठेवून.

'हार्ड ॲनोडाइज्ड' हा शब्द सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. ते लेपाचं नाव नाही. ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग विद्युत-रासायनिक प्रक्रियेने कडक केलेला असतो, एवढंच. राखाडी-काळी हार्ड ॲनोडाइज्ड कढई नॉनस्टिक नसतेच, तिच्यात भाजी चिकटते. मात्र बाहेरून हार्ड ॲनोडाइज्ड आणि आतून नॉनस्टिक अशी भांडीही मिळतात आणि ती चांगली असतात. खोक्यावर दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत का ते वाचा.

आता तब्येतीचं. 'पीएफओए मुक्त' असं प्रत्येक खोक्यावर ठळक छापलेलं असतं. पीएफओए हे पीटीएफई बनवताना पूर्वी वापरलं जाणारं रसायन. २०१९मध्ये त्याचा समावेश घातक, न विघटणाऱ्या रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात झाला आणि २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवासाठी कर्ककारक ठरवलं. म्हणून हा शिक्का असणं आवश्यकच, पण ती किमान अट झाली, काही खास गुण नव्हे. 'पीएफओए मुक्त' म्हणजे 'पीटीएफई मुक्त' नव्हे, हे दुकानदार सांगेलच असं नाही. लेपाचा एखादा कपटा जेवणातून पोटात गेला तर तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो. काळजी करायची ती अतितापलेल्या रिकाम्या भांड्याच्या धुराची. त्या धुराने माणसाला काही तासांनी थंडी-ताप आणि खोकला येऊ शकतो आणि तो एक-दोन दिवसांत उतरतो. पक्षी मात्र त्याने मरतात. घरात लव्हबर्ड्स असतील तर पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याच्या दाराशी टांगू नका.

दुकानात: पट्टी, चुंबक आणि वजनकाटा

मंडई मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलं की तुळशीबाग चालत काही मिनिटांवर. तिथल्या आणि आसपासच्या भांड्यांच्या दुकानांचा फायदा हा की वस्तू हातात घेऊन बघता येते. सणाच्या आधीचा रविवार मात्र टाळा. त्या गर्दीत तुमच्यासाठी चार खोकी फोडायला कोणाला वेळ नसतो. सोबत तीन वस्तू न्या: ३० सेंमीची स्टीलची पट्टी, फ्रिजवरचं चुंबक आणि बॅगा तोलायचा छोटा काटा. पट्टी घरात नसेल तर जवळच हार्डवेअरच्या दुकानांची बोहरी आळी आहेच.

सगळ्यात आधी जाडी बघा. तव्याला ४ मिमी, पॅन आणि कढईला ३ मिमी चांगली. २ मिमीचं भांडं हलकं आणि स्वस्त असतं, पण गॅसच्या ज्योतीची उष्णता ते पसरवू शकत नाही. घावनावर बर्नरच्या छिद्रांची गोल तपकिरी नक्षी उमटते आणि नेमक्या तेवढ्याच गोलात लेप आधी मरतो. खोक्यावर '५ मिमी बूड' लिहिलं असेल तर ती जाडी फक्त बुडाची की काठाचीही, आणि त्यात इंडक्शनची स्टीलची चकती धरली आहे का, हे विचारा.

आकड्यावर विश्वास नसेल तर वजन करा. २८ सेंमीच्या सपाट तव्याची नुसती ॲल्युमिनियमची चकती ३ मिमीला साधारण ५०० ग्रॅम भरते, ४ मिमीला ६६५ च्या आसपास. दांड्याचे शे-दीडशे ग्रॅम वेगळे, इंडक्शनची चकती असेल तर तिचे आणखी शंभर-एक. '४ मिमी' म्हणून विकला जाणारा २८ सेंमीचा तवा दांड्यासकट ६०० ग्रॅमच भरला, तर तो ४ मिमीचा नाही. उलट बाजूने, फार जाडीच्याही मागे लागू नका. कढई एका हाताने उचलून तिरकी करता आली पाहिजे, नाहीतर ती ट्रॉलीतच राहील.

मग बूड. भांडं पालथं घालून पट्टी मधोमध आडवी धरा आणि फटीतून उजेड बघा. मध्यभागी पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट असेल तर ती खोट नाही. तापल्यावर धातू प्रसरण पावून बूड सपाट व्हावं म्हणून काही कंपन्या ते मुद्दाम किंचित आत ठेवतात. पट्टी मधल्या उंचवट्यावर डुगडुगत असेल तर मात्र ठेवून द्या. मग भांडं सुलटं करून काचेच्या काउंटरवर ठेवा आणि काठ चारी बाजूंनी दाबा. डुललं की दुसरं मागा. त्याच मॉडेलचं दुसरं भांडं सपाट निघू शकतं, म्हणून लगेच कंपनी बदलू नका.

आतली बाजू मोबाइलच्या टॉर्चखाली तिरकी धरून बघा. फोड, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, काठाला उघडा चकचकीत धातू यातलं काहीही असेल तर नको. लेप सुटायला काठापासूनच सुरुवात होते. दांडा हलवून बघा. आत रिव्हेट असतील तर त्यांच्याभोवती पीठ आणि तेल साचतं, बाहेरून स्क्रूने बसवलेला दांडा धुवायला सोपा, फक्त तो सहा महिन्यांनी पिळावा लागतो. बेकेलाइटचा, म्हणजे कडक काळ्या प्लॅस्टिकचा, दांडा ज्योतीपासून लांब राहील एवढा उंचावलेला हवा. असं भांडं ओव्हनमध्ये घालायचं नाही.

झाकण काचेचं असेल तर वाफेला भोक आहे ना, एवढं पाहा.

खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निर्मितीचा महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क असलाच पाहिजे. ॲल्युमिनियमच्या भांड्यांचं भारतीय मानक आयएस १६६० आहे. आयएसआय चिन्हाजवळचा 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की तो खरा की खोटा ते तिथल्या तिथे कळतं. छापील किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यात बरंच अंतर असतं, तेव्हा विचारायला संकोच नको. पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी नेमकी कशावर आहे ते वाचा. वापरताना पडलेले चरे आणि जळालेला लेप त्यातून बहुधा वगळलेला असतो. फोड येणं, दांडा सुटणं याला मात्र बिल दाखवून बदली मागता येते. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

शेगडीशी जुळतंय का

पाइप गॅस असो की सिलिंडर, नियम एकच: ज्योत बुडाच्या बाहेर येता कामा नये. २४ सेंमीचा पॅन छोट्या बर्नरवर ठेवा. मोठ्या बर्नरची ज्योत काठाने वर चढते आणि आतल्या बाजूला, जिथे तेलाचा थेंबही नसतो तिथे, लेप करपवते. २८ सेंमीचे दोन तवे शेजारच्या बर्नरवर एकाच वेळी बसतात का, हे खरेदीआधी टेपने मोजून घ्या.

इंडक्शनसाठी चुंबक बुडाच्या मध्यावरही चिकटलं पाहिजे आणि कडेच्या जवळही. नुसतं मध्यावर चिकटत असेल तर तेवढाच भाग तापेल आणि घावनाची कड पांढरी, कच्ची राहील. इंडक्शनवर रिकामं भांडं गॅसपेक्षा कितीतरी झटकन तापतं. २००० वॉटवर सुरुवात करू नका. ६०० ते ८०० वॉटवर दोन मिनिटं, मग हजार-बाराशेपर्यंत. त्यावरचं 'डोसा' किंवा 'फ्राय'चं तयार बटण जाड लोखंडी तव्याच्या हिशोबाने असू शकतं, तेव्हा वॉट हातानेच ठरवा.

पहिला दिवस, आणि आच कशी ओळखायची

नवं भांडं कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या द्रवसाबणाने मऊ स्पंजने धुवा, पुसा, मग तेलाचे दोन थेंब बोटाने आत सगळीकडे फिरवून कागदाने पुसून घ्या. बस. लोखंडी तव्यासारखा तो जाळून 'तयार' करायचा नाही.

यापुढे भांड्याचं आयुष्य आचेवर आहे. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे तवा मोठ्या गॅसवर ठेवून मग पीठ कालवायला घेणं. पीठ तयार, उलथणं हाताशी, तेलाची वाटी बाजूला, आणि मगच गॅस पेटवायचा. मध्यम-मंद आचेवर मिनिट-दीड मिनिट पुरतं.

पाणी शिंपडून बघायची आपली जुनी पद्धत इथेही चालते, पण थोड्या फरकाने. नॉनस्टिकवर पाण्याचा थेंब तवा थंड असतानाही मण्यासारखाच दिसतो. म्हणून आकार बघू नका, आवाज ऐका. थेंब गप्प बसून राहिला तर अजून थांबा. चुर्र करून दोन-तीन सेकंदांत आटला तर घावन, आंबोळीला तवा तयार. आवाज न करता, न आटता नुसता पाऱ्यासारखा पळत सुटला तर तवा फार तापलाय. गॅस बंद करून मिनिटभर थांबा.

तेल टाकूनही अंदाज येतो. घाण्याचं शेंगदाणा तेल साधारण १६० अंशांना धुरायला लागतं, रिफाइन्ड मात्र २२५-२३० पर्यंत दम धरतं. त्यामुळे नॉनस्टिकला खरं तर घाण्याचं तेल सोयीचं, ते लेप धोक्यात यायच्या बरंच आधी इशारा देतं. लोण्याला हलका फेस आला की ऑम्लेट टाका, लगेच तपकिरी झालं तर आच कमी करा. स्प्रेच्या डब्यातलं तेल या भांड्यांत नकोच. त्याचा चिकट पापुद्रा साचतो आणि साबणाने निघत नाही.

डोसा पसरताना पीठ पळीबरोबर गुंडाळून येतं, ही तक्रार नेहमीची. लोक पिठाला दोष देतात, पण बहुतेक वेळा तवा जास्त तापलेला असतो किंवा तेल जास्त असतं. गॅस बारीक करा, पाण्याचा हबका मारा, ओल्या फडक्याने पुसा, बिनतेलाच्या तव्यावर पीठ ओतून पसरा आणि मग आच वाढवून कडेने तेल सोडा. दर डोशाला हेच करायचं. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायची रीत इथेही उपयोगी, तेल पातळ आणि सारखं लागतं. घावनाला मात्र तवा डोशापेक्षा थोडा जास्त तापलेला लागतो, नाहीतर जाळी पडत नाही.

थालीपीठ: इथे सगळ्यात जास्त तवे वाकतात

थालीपीठ गार तव्यावर थापायचं असतं. पहिलं होतं झकास. दुसऱ्यासाठी तवा गार करायला तो पालथा करून थेट नळाखाली धरायची सवय घरोघरी आहे. लोखंडी तवा ते सोसतो. ॲल्युमिनियमचा तवा दीडशे-दोनशे अंशांवरून एकदम पाण्याखाली गेला की बूड आक्रसून वाकतं, आणि लेप व धातू वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावत असल्याने लेपाची पकड सैल होते. पाच-सहा थालीपिठांनंतर तेल मधे थांबेनासं होतं आणि कडेला पळतं.

उपाय सोपा आहे. ओल्या पंचाच्या तुकड्यावर किंवा केळीच्या पानावर थालीपीठ थापा, भोकं पाडा आणि तेल सोडलेल्या मध्यम गरम तव्यावर पालथं घालून कापड अलगद सोडवा. भोकांत तेल, वर झाकण, मंद आचेवर चार मिनिटं, उलटून आणखी दोन. तव्यावरच थापायचं असेल तर दोन तवे आळीपाळीने वापरा, एक आपोआप गार होईपर्यंत दुसऱ्यावर.

उलथणं, सुरी, घासणी

लाकडाचं किंवा सिलिकॉनचं उलथणं. नायलॉनचं चालतं, पण ते तापत्या तव्यावर टेकवून ठेवलं तर कड वितळते. स्टीलची पळी काठावर ठक्कन आपटून झटकायची सवय मोडा, काठाचे टवके तिथेच उडतात. वड्या पॅनमध्ये थापून तिथेच सुरीने कापायच्या नाहीत. ताट आहे ना.

धुण्याचा प्रश्न पुण्यात वेगळाच. भांडी घासायला येणाऱ्या मावशींपुढे ढीग असतो, हातात तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर. त्या ढिगातून एकच तवा बाजूला काढून त्याला वेगळी वागणूक द्यायची अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. नॉनस्टिक घासायला टाकूच नका. जेवण झाल्यावर भांडं गार झालेलं असतं, स्पंजने एका मिनिटात आपणच धुवायचं. ठेवताना भांड्यांच्या मधे जुन्या पंचाचा तुकडा घाला. उरलेली भाजी रात्रभर त्यातच ठेवू नका, विशेषतः टोमॅटो, चिंच, आमसूल असलेली. जिथे चरा पडलाय तिथे आंबट रस ॲल्युमिनियमपर्यंत पोचतो.

चिकटायला लागलं तर

लगेच टाकून देऊ नका. आधी नख फिरवून बघा. पृष्ठभागावर पिवळट-तपकिरी, किंचित चिकट थर लागत असेल तर तो जळून पक्का झालेला तेलाचा पापुद्रा आहे, लेप त्याच्याखाली शाबूत असू शकतो. भांड्यात दोन-तीन सेंमी पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून मंद आचेवर दहा मिनिटं उकळा, पूर्ण गार होऊ द्या, मऊ स्पंजने पुसा. लागलं तर पुन्हा एकदा. सहा महिन्यांचं 'बिघडलेलं' भांडं यातून बऱ्याचदा परत मार्गाला लागतं.

पांढरे डाग क्षारांचे. कॉर्पोरेशनचं पाणी येतं तिथे ते कमी दिसतात. टँकर किंवा बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांत पाणी जड असतं, तिथे भांडं धुऊन लगेच पुसून ठेवा. पडलेच तर कपभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून कोमट करा आणि पाच मिनिटं राहू द्या.

फक्त मधेच चिकटत असेल तर मोठी आच किंवा फुगलेलं बूड. पट्टी पुन्हा लावून बघा. फुगलेलं बूड हातोडीने ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, आतला लेप तडकतो.

लेपाचे पापुद्रे निघायला लागले, फोड आले किंवा चमकता धातू नाण्याएवढा दिसायला लागला की भांडं काढून टाकायचं. एखाद-दुसरी केसाएवढी रेघ असेल तर अजून वापरता येतं. काढलेला तवा बिर्याणीच्या किंवा दुधाच्या पातेल्याखाली आच कमी करायला ठेवण्याची पद्धत आहे, ती नॉनस्टिकच्या बाबतीत नको. खाली तो तासभर रिकामाच तापत राहतो, म्हणजे पुन्हा तोच धूर. दांड्याचा स्क्रू काढा, झाकणाची काच वेगळी करा. उरलेलं ॲल्युमिनियम भंगारवाला वजनावर घेतो.